ओल्या कुंडीत तहानलेली ढोबळी मिरची

ताईच्या गच्चीवर ढोबळी मिरचीच्या सहा कुंड्या होत्या. सगळ्या प्लास्टिकच्या, बारा इंची, प्रत्येकीत साधारण १५ लिटर मिश्रण मावेल अशा. मिश्रणात दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि निचऱ्यासाठी थोडं पर्लाइट. रोपं लावून तीन महिने झाले होते. पहिल्या दोन महिन्यांत ती जोमानं वाढली, फुलं आली, फळंही धरली. मग मोठ्या पानांचे शेंडे तपकिरी होऊ लागले. करपलेपणा हळूहळू कडेकडेनं आत सरकला, आणि दुपारी पानं माना टाकू लागली.

ताईनं फोन केला तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "अरे, खत कमी पडतंय बहुतेक. वाढवू का?"

मी "थांब, मी येतो" म्हणालो, पण जायला आठ दिवस लावले. त्या आठ दिवसांत काय काय झालं ते आधी सांगतो, कारण नुकसानीचा मोठा भाग त्यातच झाला.

शेजारच्या काकांनी पानं पाहून चुरडा-मुरडा आहे असं सांगितलं, म्हणून कडुनिंबाच्या तेलाच्या दोन फवारण्या झाल्या. फरक पडला नाही. मग काकाच म्हणाले, "पाणी जास्त होतंय, दोन दिवस पाणी तोडा." काका अनुभवी आहेत आणि त्यांनी हे काळजीपोटी सांगितलं. माती ओली आणि झाड मलूल, हे दोन्ही एकत्र दिसलं की बहुतेक जण मुळांना पाणी जास्त झालंय असंच म्हणतील. ताईनं पाणी तोडलं. दुसऱ्या दिवसापासून दोन झाडं सकाळीसुद्धा उभी राहीनात.

मी पोचल्यावर आधी शेंडे पाहिले. चुरडा-मुरडा असता तर नवी कोवळी पानं चुरगळलेली दिसली असती: फुलकिड्यांमुळे वरच्या बाजूला वळलेली, कोळ्यांमुळे खाली वळलेली. इथं शेंडा सरळ होता, नवी पानं लहान आणि नेहमीपेक्षा गडद हिरवी होती, पण आकार बिघडलेला नव्हता. करपणं होतं ते जुन्या, पूर्ण वाढलेल्या पानांच्या टोकांना आणि कडांना. पानात पाण्याबरोबर जे जे चढतं ते शेवटी कडेला पोचतं. पाणी तिथून उडून जातं आणि बरोबर आलेले क्षार तिथंच राहतात. म्हणून क्षार जास्त झाले की कड आधी जळते.

मग कुंडीचा वरचा थर पाहिला. कोकोपीटवर पांढरट, किंचित पिवळसर खपली होती. कुंडीखालच्या बशांनाही पाण्याच्या रेषेवर तशीच पांढरी कड बसली होती. पाच कुंड्यांखाली बशा होत्या. सहावी कोपऱ्यातली, तिची बशी महिन्यापूर्वी फुटली होती आणि ती कुंडी दोन विटांवर नुसती ठेवलेली होती.

आणि सहावं झाड बरं होतं. दोन-तीन पानांचे शेंडे जळलेले, बाकी टवटवीत. तेच खत, तेच पाणी, तोच दिवस, तीच झारी. ताईला वाटत होतं की कोपऱ्यात सावली जास्त म्हणून ते तगलंय. मला त्या फुटलेल्या बशीत उत्तर दिसायला लागलं होतं, पण मोजल्याशिवाय म्हणायचं नव्हतं.

मोजायची पद्धत सोपी आहे आणि घरी सहज जमते. व्हर्जिनिया टेकच्या रॉबर्ट राइट यांनी १९८६ मध्ये कुंड्यांतल्या झाडांसाठी ती मांडली. कुंडीला नेहमीसारखं भरपूर पाणी द्यायचं, तासभर थांबायचं, मग वरून थोडंसं शुद्ध पाणी सगळीकडे सारखं ओतायचं आणि खालून येणारं पहिलं ५० मिलिलिटर पाणी स्वच्छ भांड्यात धरायचं. वरचं नवं पाणी मिश्रणातलं जुनं पाणी खाली ढकलतं, त्यामुळे हातात येतं ते मुळांभोवतीचं पाणी. त्यात ईसी मीटर बुडवायचा. ईसी म्हणजे विद्युतवाहकता: पाण्यात विरघळलेले क्षार जितके जास्त तितकी वीज सहज वाहते. एकक मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर; इथून पुढे मी नुसते आकडेच लिहितो.

आकडे असे आले. ताईच्या नळाचं पाणी ०.४. खताचं द्रावण २.२. निचऱ्याचं पाणी: पहिली कुंडी ७.८, दुसरी ६.९, तिसरी ६.१, चौथी ५.४, पाचवी ५.२. बशी नसलेली सहावी ३.१.

या पद्धतीनं मोजल्यावर २.६ ते ४.६ ही भरपूर खाणाऱ्या झाडांना चालणारी कक्षा धरतात. ६.६ च्या पुढे फार जास्त. ढोबळी मिरची तर क्षारांच्या बाबतीत टोमॅटोपेक्षा नाजूक आहे. मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये पिकांची क्षारसहनशीलता एकत्र मांडली, त्यात टोमॅटोची मर्यादा २.५ आहे आणि ढोबळी मिरचीची १.५, त्यापुढे दर एका एककाला मिरचीचं उत्पन्न सुमारे १४ टक्क्यांनी घटतं. ते आकडे पाण्यानं पूर्ण भिजवलेल्या मातीच्या (संपृक्त) लगद्यातून काढलेल्या अर्काचे आहेत, निचऱ्याच्या पाण्याचे नाहीत, म्हणून दोन्हींची थेट तुलना करू नये. पण कोणतं पीक किती सोसतं याची चढउतार त्यातून नीट कळते.

आता ओल्या मिश्रणात झाड तहानलेलं का, ते सांगायला हवं, कारण ताईला नेमकं हेच पटत नव्हतं. मूळ पाणी खेचतं, तेव्हा मुळाच्या आतलं द्रावण बाहेरच्यापेक्षा घट्ट असावं लागतं. बाहेर क्षार वाढले की पाणी बाहेरच अडकून राहतं. ईसीच्या दर एककामागे साधारण ०.३६ बार (बार हे दाबाचं एकक) इतका जास्तीचा ओढा झाडाला लावावा लागतो. ७.८ म्हणजे सुमारे २.८ बार. पाणी मुळाला चिकटून आहे आणि झाडाला ते घेता येत नाही.

पाणी तोडल्यावर हे दुपटीनं बिघडलं. मिश्रणातलं पाणी निम्म्यावर आलं, पण क्षार तेवढेच राहिले, म्हणजे उरलेलं पाणी जवळजवळ दुप्पट खारं झालं. जास्त पाण्यानं गुदमरलेल्या मुळांना दोन दिवसांचा ताण वाफसा (ओल राहून हवाही खेळेल अशी स्थिती) आणून देतो आणि झाड सावरतं. क्षारांनी पोळलेल्या मुळांना तोच ताण मारतो. लक्षणं इतकी सारखी दिसतात की निचऱ्याचं पाणी मोजल्याशिवाय त्यांत फरक करायचा मला तरी दुसरा खात्रीचा मार्ग माहीत नाही.

हे सगळे क्षार आले कुठून? ताई म्हणाली, "मी तर डब्यावर लिहिलंय तेवढंच घालते." तिचं म्हणणं खरं होतं. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत ती दोन ग्रॅम प्रति लिटर, दर तिसऱ्या दिवशी अर्धा लिटर देत होती. म्हणजे एका वेळी एक ग्रॅम, तीन महिन्यांत ३० ग्रॅम. फळं धरल्यावर आठवड्याला चमचाभर म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) वरून टाकत होती. सहा आठवडे, चमचा पाच ग्रॅमचा धरला तर आणखी ३०. हे खत क्षारांच्या दृष्टीनं सगळ्यात तिखट खतांपैकी आहे: सोडियम नायट्रेटला १०० धरून केलेल्या क्षार निर्देशांकात त्याचा आकडा ११६ च्या आसपास येतो, तर सल्फेट ऑफ पोटॅशचा ४६. पालाश, म्हणजे पोटॅशियम, दोन्हींत आहे, पण म्युरेटबरोबर क्लोराइडही येतं आणि झाडाला त्याची गरज अगदी किरकोळ असते.

तिसरा वाटा आम्ही दोघांनीही धरला नव्हता. ०.४ ईसीच्या पाण्यात लिटरमागे पाव ग्रॅम क्षार असतात. दिवसाला सरासरी एक लिटर पाणी, नव्वद दिवस: म्हणजे नुसत्या नळाच्या पाण्यातून कुंडीत वीस ग्रॅमपेक्षा जास्त क्षार आले. हे पाणी खराब नाही, उलट चांगलं आहे. पण झाड पाणी उडवून टाकतं आणि त्यातलं जे त्याला नको ते मागे राहतं.

सहाव्या कुंडीतही हे सगळं तितकंच गेलं होतं. फरक एवढाच की तिथं खाली ओघळलेलं पाणी वाहून जात होतं. बाकी पाच जणींच्या बशीत ते साठायचं आणि दुपारपर्यंत कोकोपीट ते परत वर ओढून घ्यायचं. ताईला ती पाण्याची बचत वाटायची. निचऱ्याबरोबर जे क्षार बाहेर पडायला हवेत ते रोज परत आत जात होते, आणि पृष्ठभागावरून पाणी उडालं की वर खपली धरत होते.

म्हणून धुवायचं ठरलं. पहिला प्रयत्न माझाच फसला, आणि या प्रकरणातला सगळ्यात उपयोगाचा भाग तोच आहे.

निदान झालं त्याच संध्याकाळी मी पहिल्या दोन कुंड्या बशांवरून उचलून विटांवर ठेवल्या आणि नळी लावून प्रत्येकीत दहा-दहा लिटर पाणी सोडलं. खालून पाणी भळाभळा आलं. आधी पिवळट-तपकिरी, मग स्वच्छ. दहा मिनिटांत निचरा १.३ वर आला. मी ताईला म्हणालो, "झालं, सुटली." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पद्धतीनं पुन्हा मोजलं तर पहिली कुंडी ६.२, दुसरी ५.९.

मी कुंडीच्या मध्यात बांबूची काडी खोचली. वीतभर खाली ती कोरडी निघाली. दोन दिवसांच्या ताणानं कोकोपीट आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटलं होतं, आणि सुकलेलं कोकोपीट पाणी पटकन धरत नाही. मोजण्याआधी दिलेलं पाणीही मधल्या गाभ्यात पुरतं शिरलं नव्हतं. नळीचं पाणी भिंत आणि मिश्रण यांच्यातल्या फटीतून सरळ खाली गेलं. मी मोजलेला १.३ हा त्या फटीतून धावलेल्या पाण्याचा आकडा होता. मुळं होती तिथं क्षार जागेवरच होते आणि रात्रभरात ते पुन्हा पसरले. निचरा पटकन उतरला की पाणी योग्य वाटेनं गेलं का असा संशय घ्यायचा, हे मी त्या दिवसापासून पाळतो.

या उसळीला आणखी एक कारण असू शकतं, तेही सांगून ठेवतो. विद्राव्य खतातल्या नत्राचा काही भाग बऱ्याचदा युरियाच्या रूपात असतो. युरिया पाण्यात विरघळला तरी त्याला विद्युतभार नसतो, म्हणून ईसी मीटरला तो दिसतच नाही. पुढे जिवाणू त्याचं अमोनियम आणि नंतर नायट्रेट करतात, तेव्हा आकडा वाढतो. नुकतंच खत दिलेल्या कुंडीचा ईसी खऱ्यापेक्षा कमी दिसतो तो यामुळे.

दुसऱ्या वेळी घाई केली नाही. आधी प्रत्येक कुंडीवरचा बोटाच्या पेराएवढा थर, खपलीसकट, खरवडून काढला. तो तसाच ठेवून धुतलं असतं तर सगळ्यात दाट क्षार आपणच खाली मुळांकडे ढकलले असते. कुंडीच्या कडेची फट बोटानं दाबून बुजवली. मग झारीनं लिटरभर पाणी, गोल फिरवत, हळू. अर्धा तास थांबलो. पुन्हा लिटरभर. असं चार वेळा, कुंडी उचलल्यावर जड लागेपर्यंत आणि काडी मध्यात ओली निघेपर्यंत. एवढ्यातच सकाळ गेली.

मग खरं धुणं. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी हा कुंड्यांसाठीचा रूढ हिशेब आहे. १५ लिटरच्या कुंडीला ३० लिटर. शेतजमिनीसाठी अमेरिकेच्या क्षारजमीन प्रयोगशाळेनं १९५४ मध्ये दिलेला ढोबळ नियम असा की जितकी खोल माती तितक्याच उंचीचं पाणी तिच्यातून गेलं की सुमारे ८० टक्के क्षार निघतात, आणि दुप्पट पाण्यानं सुमारे ९०. म्हणजे पहिल्या निम्म्या पाण्यात बहुतेक काम होतं, पुढच्या निम्म्यात थोडंच. मी पाच-पाच लिटरचे सहा हप्ते केले आणि दोन हप्त्यांमध्ये वीस मिनिटं सोडली. ती वीस मिनिटं मला फार महत्त्वाची वाटतात. कोकोपीटच्या बारीक छिद्रांतले क्षार मोठ्या छिद्रांतल्या पाण्यात यायला वेळ लागतो. सलग ओतलेलं पाणी मोठ्या छिद्रांतूनच निघून जातं.

दुसऱ्या कुंडीचे आकडे वहीत असे आहेत: ६.६, ४.७, ३.३, २.५, १.९, १.६. उतार सावकाश आहे, आणि म्हणूनच त्यावर विश्वास बसला. पाचव्या कुंडीला चार हप्त्यांतच २.० गाठता आलं, तिथं मी थांबलो. ०.४ पर्यंत नेण्याचा हट्ट धरायचा नाही. त्या टोकाला पोचेपर्यंत नायट्रेट जवळजवळ सगळं गेलेलं असतं आणि मुळं तासन्‌तास पाण्यात बुडून हवेविना राहिलेली असतात.

निचऱ्याचं पहिलं पाणी बादल्यांत धरून आम्ही दुसऱ्या कोणत्याही कुंडीला दिलं नाही. शेवटच्या हप्त्यांचं फिकं पाणी मात्र खालच्या अंगणातल्या मोठ्या झाडाला घातलं.

धुतल्यावर कुंडी नुसत्या पाण्यावर सोडायची नाही, निदान कोकोपीटमध्ये तरी. कोकोपीटच्या धाग्यांवर पालाश आणि सोडियम मुळातच असतं आणि संधी मिळाली की कोकोपीट ते सोडून कॅल्शियम, मॅग्नेशियमला धरून ठेवतं. शिवाय ताईच्या कुंड्यांत दीड महिन्याचा पालाश साठलेला होता, आणि पालाश जास्त झाला की मूळ कॅल्शियम कमी घेतं. तीन फळांच्या टोकाला बसका, तपकिरी, चामड्यासारखा डाग होता तो याचाच. म्हणून शेवटी प्रत्येक कुंडीला दोन लिटर हलकं द्रावण दिलं: लिटरला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि पाव ग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम सल्फेट. ईसी १.२ आला. हे दोन पदार्थ दाट असताना एकत्र करायचे नाहीत, नाहीतर जिप्समचा साका बसतो. एक पूर्ण पाण्यात विरघळवून मग दुसरा.

मग वाफसा येईपर्यंत कुंड्यांना हात लावला नाही. कोरडं पडू द्यायचं नव्हतं, पण श्वास घेऊ द्यायचा होता. दोन दिवस डागाळलेली फळं काढणं आणि जाळीदार कापडाची अर्धी सावली धरणं, एवढंच केलं. उन्हाचा ताप कमी झाला की पानांतून पाणी कमी उडतं आणि दुखावलेल्या मुळांवरचा भार हलका होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी चार झाडं उभी होती. ताईनं फोटो पाठवला, मी तो दोनदा उघडून पाहिला.

पहिलं झाड, ७.८ वालं, वाचलं नाही. धुतल्यावर एक दिवस बरं वाटलं आणि मग ते सकाळीही मान टाकून राहिलं. उपटून पाहिलं तर पांढरी मुळी जवळजवळ नव्हती. तपकिरी मुळ्या चिमटीत धरल्या की साल निसटून आत दोऱ्यासारखा गाभा राहायचा, आणि वास येत होता. क्षारांनी मुळांची टोकं आधीच जळलेली होती, त्यात दोन वेळा धुतल्याचं पाणी. मूळकूज लागायला तेवढं पुरलं. आता तसं झाड समोर आलं तर मी धुण्याआधी कुंडी आडवी करून मुळांचा गठ्ठा बाहेर काढून पाहीन. पांढऱ्या मुळ्या दिसल्या तरच धुवावं. नसतील तर बहुतेक मिश्रण झाडून, कुजकी मुळं छाटून, ताज्या ओलसर कोकोपीटमध्ये लहान कुंडीत लावणं जास्त बरं. आणि फोन आला त्याच दिवशी गेलो असतो तर ते झाड कदाचित राहिलं असतं. हे मला अजून बोचतं.

जळलेल्या कडा पुन्हा हिरव्या झाल्या नाहीत, होणारही नव्हत्या. ताई रोज तीच पानं पाहून निराश व्हायची. मी तिला शेंड्याखालच्या पहिल्या पानाला लोकर बांधायला सांगितलं आणि म्हणालो, "ताई, या खुणेच्या वर जे येईल तेवढंच बघ." बाराव्या दिवशी लोकरीच्या वर चार पानं होती, चारही स्वच्छ. फूलगळ तिसऱ्या आठवड्यात थांबली.

पुढची व्यवस्था फार बदलली नाही. पाचही कुंड्या विटांवर गेल्या. खत लिटरला एक ग्रॅम, म्युरेट बंद. पाणी द्यायचं तेव्हा ओतलेल्या पाण्यापैकी पाचवा-सहावा हिस्सा खालून बाहेर पडेल इतकं द्यायचं आणि ते तिथून निघून जाऊ द्यायचं. रोज अर्धा कप टाकण्यापेक्षा वाफसा पाहून एकदाच पोटभर.

एक घोळ मीटरचा झाला. ताईकडे पाण्याच्या गाळणयंत्राबरोबर आलेला टीडीएस मीटर होता, तो पीपीएममध्ये आकडा दाखवतो. पण हे मीटरसुद्धा आतून ईसीच मोजतात आणि मग एका ठरावीक गुणकानं गुणतात. कुणी ५०० नं, कुणी ७०० नं. तिच्या मीटरवर ११०० म्हणजे २.२, आणि ज्या तक्त्याशी ती ताडून पाहत होती तो ७०० वाला, ज्यात ११०० म्हणजे जेमतेम १.६. आपलं द्रावण सौम्य आहे असं तिला तीन महिने वाटत राहिलं त्याचं हे एक कारण. मीटरला ईसीचं बटण असेल तर तेच वापरावं, आणि पाणी उन्हात तापलेलं नसावं. मीटर तापमानाची दुरुस्ती करत नसेल तर दर अंशाला आकडा सुमारे दोन टक्क्यांनी सरकतो.

दर रविवारी ती आता एका कुंडीचा निचरा मोजते आणि वहीत लिहिते. उन्हाळ्याच्या एका आठवड्यात चौथ्या कुंडीचा आकडा २.७ वरून ४.१ वर गेला. तिनं मला विचारलं नाही. झारीनं आधी भिजवलं, वीस-वीस मिनिटं थांबत दहा लिटर पाणी दिलं, शेवटी हलकं द्रावण दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. वहीत त्या तारखेपुढे २.५ आहे, आणि कंसात "काडी मध्यात ओली" असं लिहिलेलं आहे.